औशातला बेडकाचा शोध

‘फ्रॉग, व्हेअर आर यू?’ हे मर्सर मेयर या अमेरिकी चित्रकाराचे १९६९ मधील शब्दविरहित चित्रपुस्तक. चित्रे २४. बरणीतला बेडूक रात्री निसटतो; मुलगा आणि कुत्रा त्याला हुडकायला रानात जातात, एवढीच गोष्ट. मूल गोष्ट कशी जुळवते हे पाहण्यासाठी भाषाभ्यासकांनी हे पुस्तक अनेक देशांत वापरले. रूथ बर्मन व डॅन स्लोबिन यांचा पाच भाषांवरचा ग्रंथ १९९४ चा.

लातूर जिल्ह्यातील औसा येथे प्रस्तुत लेखकाने हे पुस्तक मे महिन्यातल्या एका दुपारी ओसरीवर चार लेकरांपुढे धरले. हेतू अभ्यासाचा नव्हता. त्यांना उन्हात सोडता येत नव्हते.

बालवाडीतला मुलगा प्रत्येक चित्र सुटे वाचत होता. बोट ठेवून “ह्ये कुत्रं”, पान उलटले की पुन्हा “ह्ये कुत्रं”. बेडूक हरवल्याची त्याला खबरच नाही. तिसरीतील मुलीने मात्र “मंग” म्हणत पाने एकात एक ओवली. बरणीला झाकण नव्हते म्हणून बेडूक गेला, आणि गेला तो औशाच्या किल्ल्याच्या खंदकात. चित्रात झाकण कुठेच नाही. नसलेली वस्तू तिने वाचली होती.

बिळातून डोके काढणारा प्राणी मूळचा गोफर. इथे त्याची घूस झाली. घुबड आले तेव्हा शेजारी डाळ निवडणाऱ्या आजीने पान लवकर उलटायला लावले. तिला अक्षरओळख नाही, पण या पुस्तकापुरते तिचे काहीच अडले नाही.

अडले ते पुढच्या पानावर. मुलगा खडकावर चढून फांद्या धरतो, आणि त्या हरणाची शिंगे निघतात. हा डाव फाटे फुटलेली शिंगे पाहिलेल्या माणसासाठी आहे. मराठवाड्यात शेतात दिसते ते काळवीट. त्याची शिंगे पिळदार, बिनफाट्याची. त्यामुळे हरणाच्या डोक्यात बाभळ अडकली असा निकाल लागला, आणि काटे टोचतात म्हणून ते पळते असेही ठरले. शब्द नसले की पुस्तक कुठल्याही गावात जसेच्या तसे पोचते, ही समजूत इथे डळमळते. काट्यांचे हे कारण मेयरच्या चित्रात नाही, तरी गोष्टीला ते शोभते.

शेवटी लाकडाच्या ओंडक्यामागे बेडकांचे कुटुंब सापडते. मुलगा त्यातला एक घेऊन निघतो. नेला तो हरवलेलाच की त्याचे पिल्लू, यावरून ओसरीवर भांडण जुंपले आणि ताडून पाहण्यासाठी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडावे लागले.