कवळीची पाचवी खेप

नागपूर

चि. भाचीस,


तुझं पत्र मिळालं. 'मावशी, मला आता पेशंटचाच राग येतो,' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. नुसती झोप होत नाही म्हणाली असतीस, तर परीक्षेपर्यंत धीर धर म्हटलं असतं. राग मात्र मनावर घ्यायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटच्या तीन खुणा सांगितल्या: अंगातलं बळ सरणं, कामाविषयी कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. हा आजार नव्हे, न आवरलेल्या कामाच्या ताणाचा परिणाम, असंही म्हटलं. तू विद्यार्थिनी असलीस तरी ओपीडीत रोज करतेस ते कामच.

दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरायचे, मग फँटम हेडवर, म्हणजे कृत्रिम डोक्यावर, हात बसवायचा आणि तिसऱ्या वर्षी थेट जिवंत माणसाच्या तोंडात ड्रिल. कोरलेला दात पुन्हा भरून येत नाही, ही धास्ती विशीतल्या मुलीच्या हातात असते. त्यावर केसेसचा कोटा. पूर्ण कवळीला निदान पाच खेपा लागतात: प्राथमिक माप, अंतिम माप, जबड्यांचा मेळ, मेणातली चाचणी आणि शेवटी कवळी बसवणं. तुझे पेशंट, महासमुंदचे ते आजोबा, चौथ्या खेपेनंतर धानकापणीला गेले आणि केस पूर्ण झाल्याची तुझी सही अडली. कापणीचे दिवस सोडून त्यांनी रायपूरला तुझ्या कॉलेजात यावं तरी कसं? चूक त्यांची नाही, तुझीही नाही. परक्या माणसाच्या येण्याजाण्यावर विद्यार्थ्याचं वर्ष टांगणारी पद्धत चुकीची आहे.

म्हणून पेशंटच्या तारखा लिहून ठेव. चार-पाच जणी मिळून विभागप्रमुखांना भेटा आणि झालेल्या टप्प्यांचे गुण मागा. पेशंटला आणण्यासाठी स्वतःच्या खिशातले पैसे घालू नकोस.

तंबाखूची गुडाखू दातांना घासणाऱ्या बायकांना तू हिरड्या आरशात दाखवून समजावतेस, असं लिहिलंस. त्याला कोट्यात जागा नाही. पण दवाखाना मांडल्यावर पेशंट तुझ्याकडे परत येतील ते याच समजावण्यासाठी. ही माया तुझ्यात अजून आहे, म्हणजे आटलंय ते बळ, माया नव्हे.

रविवारी जर्नल मिटून चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात जा, चार माणसांत मराठी बोल. रात्री झोप उडाली, जगणं नको वाटलं, तर 14416 हा टेलिमानसचा नंबर लाव; तो मोफत आहे, चोवीस तास चालतो. मलाही कोणत्याही वेळी उठव. एखाद्या विषयात बॅक लागली तर सहा महिने जातील, तेवढंच. घरात कुणी तुला बोल लावणार नाही, याची हमी मी घेते. मदत मागायला परीक्षा संपायची वाट पाहू नकोस. आजच बोल.

तुझी,
मावशी