शेवटचं एसटीत कधी बसलो होतो?

नोव्हेंबर 2021, दिवाळी नुकतीच झालेली. आमच्या सरावलीच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक मेसेज टाकला होता. जसाच्या तसा देतो: "ज्यांना काम करायचं नाही त्यांना काढून टाका आणि एसटी प्रायव्हेट करा. मी पण प्रायव्हेटमध्येच आहे, मी करतो का संप?"

चौदा अंगठे आले. दोन टाळ्या. एकाने "परफेक्ट बोललास भाई" लिहिलं. मी खूश होऊन पुन्हा लॅपटॉपकडे वळलो.

तेव्हा माझं वर्क फ्रॉम होम चालू होतं. पुण्यातल्या कंपनीचं काम बेडरूममधून करायचो. गेल्या दीड वर्षात गाडीचं टायरसुद्धा झिजलं नव्हतं, एसटीचं काय घेऊन बसलात. म्हणजे संपामुळे माझं शून्य रुपयांचं आणि शून्य मिनिटांचं नुकसान झालं होतं. तरी राग मात्र भरपूर होता. तो कुठून आला होता, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

थोडं आठवून देतो, कारण आता सगळ्यांना त्या संपातलं शेवटचंच आठवतं: एप्रिलमध्ये शरद पवारांच्या घरावर झालेली चाल, वकील सदावर्ते आणि चॅनलवरचा आरडाओरडा. सुरुवात वेगळी होती. 27 ऑक्टोबरला संघटनांनी उपोषण सुरू केलं आणि महागाई भत्त्याची मागणी मान्य झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मागेही घेतलं. नेते घरी गेले. डेपोतले लोक मात्र हलले नाहीत. एसटी महामंडळ राज्य सरकारात विलीन करा, आम्हाला सरकारी कर्मचारी म्हणा, ही त्यांची मागणी होती. ऐन दिवाळीत एकेक डेपो बंद पडत गेला आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यातले अडीचशे डेपो थांबले. आपल्याच नेत्यांना मागे टाकून गेलेला संप होता तो.

बोईसर स्टँडवर गाड्या ओळीने उभ्या राहिल्या. सरकारने खासगी बसना, स्कूल बसना, अगदी मालवाहू गाड्यांनाही प्रवासी न्यायची परवानगी दिली. स्टेशनबाहेर इको आणि सहासीटरवाल्यांचा भाव वाढला. मला वाटलं, हा तर लॉजिस्टिक्सचा प्रॉब्लेम आहे, आपण सोडवू. मी एक गूगल शीट बनवलं: नाव, कुठून, कुठे, किती वाजता, गाडीत जागा किती. दोन दिवसांत तेवीस ओळी भरल्या. पालघर, विरार, ठाणे, एक जण थेट नाशिक. आपण एसटीला पर्याय उभा केला, असं मी तेव्हा आईला म्हणालोही होतो.

आमच्याकडे भांडी-लादीला येणाऱ्या मावशी चिल्हार रस्त्यावर नागझरीच्या अलीकडच्या एका पाड्यातून यायच्या. त्या आठवड्यात त्या रोज उशिरा येत होत्या. आई काही बोलली नाही, मीच बोललो. म्हटलं, मावशी, संपामुळे का?

"हां दादा. जीप भरल्याशिवाय सुटत नाय."

मग सहज विचारावं तसं विचारलं, मुलगी शाळेत जाते ना? मुलगी बोईसरला दहावीत होती. म्हणाल्या, आठवड्यातून दोन दिवस जाते. ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा शाळेचा पास फुकट असतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे. जीपला पास चालत नाही. जीपवाला जायचे-यायचे साठ रुपये घेत होता. शाळा दीड वर्षाने, ऑक्टोबरमध्ये, कुठे उघडली होती. तीन आठवडे झाले आणि गाडी बंद. बरं, तो रस्ताही पायी चालत जा म्हणण्यासारखा नाही. तारापूर एमआयडीसीचे टँकर आणि ट्रेलर रात्रंदिवस हायवेकडे पळत असतात.

मी शीट उघडून पाहिलं. तेवीस ओळींत चिल्हार रस्त्याची एकही ओळ नव्हती. असणार कशी? मावशींकडे बटणांचा फोन होता.

मग मी जे केलं ते इंजिनिअरची खोड म्हणून सोडून द्या. माझ्या मेसेजला अंगठे देणाऱ्या चौदा जणांची मी यादी केली. सगळ्यांकडे गाडी किंवा बाईक. यातला कोण एसटीने जातो? आठवून आठवून एक सापडले, तेही गणपतीला गावी. आणि मी? मी शेवटचा कॉलेजात असताना बसलो होतो. म्हणजे आमच्या ग्रुपवर जो जनतेचा संताप चालला होता, त्यात गाडीची वाट बघणारं कोणीच नव्हतं. मावशींना मी विचारलं होतं, तुम्हाला राग नाही येत त्यांचा? त्या म्हणाल्या, "त्यांचा पगार कमी हाय बोलतात," आणि कुकर घासायला घेतला. त्यांचं त्यावरचं मत मला तेवढंच माहीत आहे. त्यांना राग आला नसेल असं मी म्हणत नाही. मला दाखवण्याइतका आला नाही, एवढंच.

आता खरी गोष्ट. तळमजल्यावरचे काका एसटीत कंडक्टर होते. मूळचे लातूरकडचे. आणि ते त्या ग्रुपवर होते.

हे मला मेसेज टाकल्यावर दोनेक तासांनी आठवलं. डिलीट करायला गेलो, तर सगळ्यांसाठी डिलीट करण्याची मुदत संपली होती. तेव्हा ती जेमतेम तासाभराचीच असायची. रात्री ग्रुपवर बारीक करड्या अक्षरांत एक ओळ आली: काका ग्रुप सोडून गेले.

चार दिवस मी जिन्याऐवजी लिफ्ट वापरली. पाचव्या दिवशी गेटवर गाठ पडलीच. मी सॉरी म्हणायच्या तयारीत होतो, पण तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, काका, जपानमध्ये ओकायामाला 2018 साली बस ड्रायव्हरांनी वेगळाच संप केला. गाड्या चालू ठेवल्या, फक्त तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. लोकांचे हाल नाहीत आणि मालकाला फटका. तुम्ही तसं का नाही केलं?

काका पहिल्यांदा हसले. "अरे, एक माणूस बिनतिकिटाचा सापडला तर लाइन चेकिंगवाले माझ्यावर केस करतात. तू अख्खी गाडी फुकट न्यायला सांगतोस!"

मग तिथेच उभ्या उभ्या बराच वेळ बोलले. 2020 मध्ये त्यांना बेस्टच्या मदतीला मुंबईला पाठवलं होतं. लोकल बंद असताना नर्स आणि सफाई कामगार त्यांच्याच गाडीतून जात होते. त्यांच्या बरोबरीचे दोघे कोरोनात गेले. त्या काळात पगार कधी उशिरा आला, कधी अर्धा आला. त्यांची नोकरी आठ वर्षांची होती. 24 नोव्हेंबरला सरकारने वाढ जाहीर केली तेव्हा एक ते दहा वर्षं झालेल्यांच्या मूळ पगारात 5000 रुपये वाढले. 41 टक्के, अशी हेडलाइन होती. टक्का इतका मोठा दिसतो याचा अर्थ मूळ आकडा किती लहान होता, हे गणित मला तरी पेपरातल्या कुठल्या चौकटीत दिसलं नाही. काका त्या वाढीनंतरही परतले नाहीत. ते चुकलं असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. विलीनीकरण होणार नव्हतं. मधले चार-पाच महिने हजारो लोकांवर कारवाई झाली, काहींनी जीव दिला आणि पाड्यावरची मुलगी दोन दिवस शाळेत जात राहिली. मी हे त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "तुझं बरोबर असेल. पण आता एकटा कसा जाऊ?"

त्या वर्षी बोर्डाने शाळेतच परीक्षा केंद्र दिलं होतं. 15 मार्चला दहावीचा पेपर सुरू झाला, तेव्हा मुलगी बोईसरला मामीकडे राहायला आली. मी बाईकवरून सोडतो म्हणालो होतो. मावशींनी नको म्हटलं, आणि कारण मी विचारलं नाही.

7 एप्रिलला हायकोर्टाने 22 तारखेपर्यंत कामावर या असं सांगितलं आणि काका गेले. सेक्रेटरीने त्यांना परत ग्रुपवर घेतलं. पहिला मेसेज पाण्याच्या टाकीचा होता.

मे महिन्यात मला पुण्याला ऑफिसात बोलावलं. हायवेला जायचं म्हणून स्टँडवर जाऊन मनोरची गाडी धरली. गाडी गच्च भरलेली, आणि कंडक्टर काकाच. माझ्यापर्यंत आले तेव्हा मी पाचशेची नोट पुढे केली आणि विचारलं, काका, क्यूआर नाही का?

त्यांनी बाकी सगळ्यांकडे बघितलं तसंच माझ्याकडे बघितलं.

"सुट्टे द्या."