टप्पा तीनमधलं न्हाणीघर

माझा टीम लीड न्यू जर्सीत राहतो. गेली तीन वर्षं त्याच्या घराचं तळघर 'होतंय'. पहिल्या वर्षी भिंतींचे सांगाडे आणि वायरिंग, दुसऱ्या वर्षी बोर्ड, यंदा फ्लोअरिंग. मीटिंग सुरू व्हायच्या आधी तो कॅमेरा फिरवून सगळं दाखवतो. मला हसू येतं, कारण किहीमला आमच्या वाडीत थोडं खणलं की पाणी लागतं. तळघर काढायला गेलो तर विहीरच होईल. त्याचा हिशेब मात्र ओळखीचा आहे. बोनस आला की एक टप्पा.

आमचं घर ३ जून २०२० ला उघडं पडलं. निसर्ग वादळात पोफळी मोडल्या, एक माड पडवीवर आडवा झाला आणि निम्मी कौलं गेली. मी पुण्यात लॉकडाऊनमध्ये अडकलेलो. तीन दिवस फोन लागला नाही. चौथ्या दिवशी बाबांचा आवाज आला, "आम्ही बरे आहोत. आजी माजघरात छत्री उघडून बसली आहे." मला वाटलं ते गंमत करतायत. नव्हते करत.

बँकेत गेलो. घर अजून पणजोबांच्या नावावर, वारस सतरा, त्यातले दोघे कुठे आहेत ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे होम लोन नाही. पर्सनल लोनचं व्याज ऐकून बाबा खुर्चीतून उठलेच. मग मी जे मला येतं ते केलं, शीट बनवलं. टप्पा एक, छप्पर. टप्पा दोन, वायरिंग, गिलावा आणि लादी. टप्पा तीन, आजीच्या खोलीला लागून संडास-न्हाणीघर. जुना संडास मागच्या अंगणात होता, पण तो चालत होता. ऑफिसात आम्ही हेच करतो: जे चालतंय त्याला आत्ता हात लावायचा नाही. आजी तेव्हा ८१ वर्षांची होती. "मला काय घाई आहे," असं तीही म्हणाली होती. ते वाक्य मी फारच सोयीनं ऐकलं.

टप्प्याटप्प्यानं काम केलं की व्याज वाचतं, हे खरं. पण दुसरा खर्च कुणी सांगत नाही. आमच्याकडे कामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पाऊस आला की संपतो. त्याच महिन्यांत मुंबईकरांच्या बंगल्यांची कामं निघतात. मिस्त्रीला तिकडे सहा महिन्यांचं सलग काम मिळतं, आमच्याकडे बारा दिवसांचं. तो आमच्याकडे का येईल? आला तरी दर वर्षी परात बांधण्याचं, रेती आणण्याचं, टेम्पोचं भाडं नव्यानं. छपराला लाकडाऐवजी लोखंडी पाइप घातले; खाऱ्या हवेत त्यांना रंग सतत लागतो, म्हणजे तोही एक न संपणारा टप्पाच. छपराचे तीन लाख ऐंशी हजार झाले. पहिल्या पावसात एकही थेंब आत आला नाही, तेव्हा मी शीटमधला रकाना हिरवा केला आणि स्वतःवर खूश झालो.

२०२२ च्या एप्रिलमध्ये लादी बसत होती. मिस्त्रीनं विचारलं, "दादा, खालून संडासचा पाइप आत्ताच टाकून ठेवू का? सहा हजार होतील." मी पुण्याहून फोनवर म्हणालो, तो पुढच्या टप्प्यात आहे.

श्रावणात रात्री लाइट गेली होती. आजी मागच्या दाराबाहेरच्या शेवाळलेल्या दगडावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनचे दोन लाख पंच्याहत्तर हजार. न्हाणीघराचा अंदाज मी एक लाख चाळीस हजार धरला होता.

किहीमला अर्धवट घराची लाज वाटायचं कारण नाही. सालिम अलींची नोकरी गेल्यावर १९३० साली ते इथेच येऊन राहिले आणि सुगरण पक्ष्यांची घरटी न्याहाळत बसले. नाव सुगरण असलं तरी घरटं विणतो तो नर. तो ते अर्धंच विणतो. मग मादी येऊन आतून पाहणी करते. तिला पसंत पडलं तरच तो पुढचं काम करतो, ती लांब नळी वगैरे. मी शाळेत हे ऐकलं होतं ते एक मजेशीर माहिती म्हणून. आजी हॉस्पिटलात असताना आठवलं तेव्हा मजा वाटली नाही. आमच्या घरात अर्ध्यावर येऊन 'हे राहू दे, ते आधी कर' म्हणायची सोयच मी ठेवली नव्हती. शीट माझ्या लॅपटॉपवर होतं, आणि त्या घरात रोज राहणाऱ्या तिघांपैकी एकानंही ते पाहिलं नव्हतं.

ती घरी यायच्या आत न्हाणीघर उभं करायचं होतं. भर पावसात, मित्रांकडून उसने घेऊन. चार महिन्यांपूर्वी बसवलेली लादी फोडून पाइप घातला. त्या रंगाचा माल चोंढीला संपला होता, अलिबागलाही मिळाला नाही. म्हणून आजीच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत हातभर रुंदीची विटकरी पट्टी आहे, बाकी लादी क्रीम. दिसायला वाईट दिसते. मी चौथ्या टप्प्यात ती बदलायचं लिहिलं.

दिवाळीत गेलो तेव्हा या वेळी लॅपटॉप ओटीवर ठेवला आणि आजीला एकेक ओळ वाचून दाखवली. वॉकर धरून ती शेजारी बसली होती. पट्टीच्या ओळीवर तिनं थांबवलं.

"ती नको काढू," म्हणाली. "रात्री चष्मा नसला तरी गडद दिसते. तिच्यावरनं चालत गेलं की बरोबर दारात."

"मग पुढे काय करायचं?"

"मागचा दिवा आधी. आणि तुझ्या आईच्या ओट्याची उंची. तिची पाठ दुखते, ती सांगायची नाही तुला."

आई स्वयंपाकघरातून "काही नाही हो दुखत" म्हणाली. मी ओळ वर सरकवली.