तीन मिलिमीटर

लग्न जुळवितांना पत्रिका पाहावी कीं पाहूं नये, याविषयीं सुशिक्षितांत मतभेद असतील. परंतु इंजिन जुळवितांना ती पाहिलीच पाहिजे, याविषयीं चिंचवडपासून चाकणपर्यंत कोणाचें दुमत आढळावयाचें नाहीं. क्रँक, दांडा आणि दट्ट्या हे या पत्रिकेंतील तीन मुख्य ग्रह. दांड्यास आमच्याकडील कारखान्यांत 'रॉड' म्हणतात आणि दट्ट्यास 'पिस्टन'. आम्हीही येथें तेच शब्द वापरणार आहों. ज्यांनीं उभा जन्म या वस्तूंत घालविला त्यांच्या तोंडचे शब्द सोडून कोशांतले शब्द उसने आणण्यांत आम्हांस कांहीं शोभा दिसत नाहीं.

क्रँकची पिन मध्यापासून जितकी दूर, त्याच्या दुप्पट पिस्टनची वरखालीं धांव होते. ही धांव म्हणजे 'स्ट्रोक', आणि सिलिंडरचा आंतला व्यास म्हणजे 'बोअर'. या दोन आंकड्यांवरून इंजिनाचें आकारमान निघतें. आकुर्डीच्या कारखान्यांत एके काळीं तयार होणाऱ्या पेट्रोलच्या चेतक स्कूटरचा बोअर ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५७ च. त्यामुळें तिचें इंजिन सुमारें १४५ घन सेंटिमीटरचें होतें. पुढें २००१ सालीं त्याच कंपनीची पल्सर आली. तिच्या पहिल्या दीडशेच्या इंजिनांत बोअर ५७ आणि स्ट्रोक ५६.४. एकशेंऐंशींत स्ट्रोक तोच ठेवून बोअर ६३.५ केला, आणि दोनशेंत तो ६७ वर नेला. त्यानंतर दोनशेंवीस काढतांना मात्र बोअर ६७ वर स्थिर राहिला आणि स्ट्रोक ६२.४ झाला. एकाच घराण्यांत आधीं अंगानें रुंद होत गेलेले आणि मग उंचीनें वाढलेले भाऊ असावेत, तसा हा प्रकार आहे. आमच्यासारख्या यंत्रविद्येंत न शिकलेल्या माणसासही या आंकड्यांचें कोष्टक वाचतांना एखादी वंशावळ वाचल्याचा आनंद होतो.

परंतु कोष्टकांतील आंकडे पाहून ज्यास मोह पडतो, त्याचें काय? आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांत एक तरुण आहे. चाकणच्या एका कारखान्यांत पाळीनें काम करतो आणि आपल्या जुन्या दोनशेंच्या पल्सरवर ये-जा करतो. दोघांचाही बोअर ६७ च आहे, तेव्हां दोनशेंवीसचा क्रँक आणून बसविला कीं काम झालें, अशी त्याची कल्पना. मोडीच्या बाजारांतून त्यानें तसा क्रँक विकतही आणिला होता. त्याच्या आईस क्रँक म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें. परंतु रात्रपाळी करून पुणें-नाशिक रस्त्यानें कंटेनरांच्या रांगेंतून परतणाऱ्या मुलाची गाडी अधिक वेगवान होणार, एवढें तिला पक्कें कळलें होतें. तिनें आम्हांस गळ घातली. उपदेश करण्याचा अधिकार आमच्या अंगीं नसल्यामुळें आम्हीं त्यास भोसरीच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे घेऊन गेलों.

मिस्त्रींनीं त्यास नको म्हटलें नाहीं. "बस बाळा," म्हणून त्यांनीं एका पुठ्ठ्यावर पेन्सिलीनें आंकडे मांडावयास घेतले. इंजिनाच्या पेटींत हा क्रँक मुळांत बसतो कीं नाहीं, हा प्रश्न त्यांनीं बाजूस ठेविला. बसतो असें धरूं, म्हणाले. स्ट्रोकमध्यें फरक सहा मिलिमीटरांचा. म्हणजे पिस्टन पूर्वीपेक्षां तीन मिलिमीटर वर जाणार आणि तीन मिलिमीटर खालीं. क्रँकच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंत वरच्या टोकाची उंची मोजावयाची, तर तींत तीन मापें येतात: अर्धा स्ट्रोक, रॉडची लांबी, आणि पिनपासून माथ्यापर्यंतचें अंतर. सिलिंडरची उंची कांहीं वाढत नाहीं. मग अर्ध्या स्ट्रोकनें तीन मिलिमीटर अधिक घेतले, तर ते उरलेल्या दोघांपैकीं कोणीं सोडावयाचे?

"रॉडनें सोडावे," तरुण म्हणाला. मिस्त्रींनीं मान डोलाविली. रॉड १०५ चा धरला तर आजच्या क्रँकवर तो जास्तींत जास्त साडेपंधरा अंश कलतो. तो १०२ चा करून लांब स्ट्रोकच्या क्रँकवर चढविला तर कल अठरा अंशांच्या जवळ जातो. रॉड जितका तिरपा, तितका पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर दाबला जातो. भिंत एका बाजूनें झिजते, आणि तेल जाळूं लागते. शिवाय खालच्या टोकास पिस्टनचा घेर क्रँकच्या वजनांस लागणार नाहीं ना, हेंही पाहावें लागतें.

"मग पिनच वर घेतलेला पिस्टन घालूं." तोही मार्ग आहे, पण पिन वर घेतली कीं ती रिंगांच्या खांचांना भिडते, खांचांमधली भिंत पातळ होते, आणि उष्णतेनें तीच प्रथम तुटते.

तिसरा मार्ग मिस्त्रींनीं स्वतःच सांगितला. सिलिंडरखालीं तीन मिलिमीटर जाडीची पट्टी घालून तो उचलावयाचा. यांत रॉड आणि पिस्टन दोघेही जुनेच राहतात. मात्र वरच्या व्हॉल्व्हांना चालविणारी साखळी एका बाजूनें चढते आणि दुसऱ्या बाजूनें उतरते. तिला तीन नव्हे, सहा मिलिमीटर अधिक लागतात. तेवढी साखळी ओढून घेतली तर व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ सरकते. तीन मिलिमीटर घराबाहेर घालविले म्हणून कांहीं नाहींसे होत नाहींत. ते दुसऱ्या दारानें परत येतात.

इतकें सर्व साधलें असें मानलें, तरी हिशेब संपत नाहीं. पिस्टनच्या माथ्यावर उरणारी पोकळी समजा साडेतेवीस घन सेंटिमीटर आहे. पूर्वीं तींत १९९ घन सेंटिमीटरांचा वायु दाबला जात होता, आतां २२० चा दाबला जाईल. साडेनऊपट दाबणारें इंजिन जवळजवळ साडेदहापट दाबूं लागेल, आणि पेट्रोल आपल्या वेळेआधीं पेटून टकटक सुरू होईल. मिनिटास ८५०० फेरे धरले तर पिस्टन सेकंदास २८३ वेळां थांबून उलटा फिरतो. त्याचा सरासरी वेग सेकंदास सोळा मीटरांवरून साडेसतरांच्या पुढें जातो आणि प्रत्येक उलटण्यांत रॉडवर बसणारी ओढ दशांशाहून अधिक वाढते. ज्या वजनाच्या पिस्टनसाठीं क्रँकचीं वजनें घडविलीं आहेत, त्याहून हलका वा जड पिस्टन आला कीं थरथर हातांत येते तें निराळेंच.

आम्हांस या सर्वांत एक गोष्ट विशेष वाटली. कारखान्यानें दोनशेंचा दोनशेंवीस केला, तेव्हां हेच प्रश्न तेथेंही उभे राहिले असतील. परंतु कारखान्यास सर्व ग्रह एकदम हलवितां येतात. मिस्त्रींना एकेक हलवावा लागतो, आणि बाकीचे जेथल्या तेथें बसून असतात. कायद्याचेंही एक अंग आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणींतील मूळ तपशिलाशीं न जुळणारा फेरफार गाडींत करण्यास मनाई आहे. पण तरुणांवर कलमाचा परिणाम फारसा होत नाहीं, हें आम्ही जाणून आहों.

परिणाम झाला तो भिंतीवरील खिळ्यास टांगलेल्या एका पिस्टनचा. त्याच्या माथ्यावर चंद्रकोरीसारख्या दोन खोल खुणा होत्या; व्हॉल्व्ह तेथें आदळले होते. पिस्टन अडकला कीं इंजिन जाम होतें, आणि क्लच दाबण्यास क्षणाचा उशीर झाला तर मागचें चाक जागच्या जागीं धरलें जातें. "याचा मालक, काका?" तरुणानें विचारलें. "आहे. काठी घेऊन चालतो," मिस्त्री म्हणाले, आणि पुठ्ठा त्याच्या हातीं दिला.

परततांना आकुर्डीवरून आलों. चेतक हें नांव आज विजेच्या स्कूटरला आहे, आणि २०२२ पासून आकुर्डींतच तिचा कारखाना आहे. तींत पिस्टन नाहीं, रॉड नाहीं, स्ट्रोक नाहीं. मिस्त्रींचें ज्ञान पुढील पिढीस कितपत लागेल, हा विचार आमच्या मनांत आला. तरुणाच्या मनांत तो आलेला दिसला नाहीं. तो पुठ्ठ्यावरची बेरीज तिसऱ्यांदा तपाशीत होता.

पुढच्या गुरुवारीं, म्हणजे भोसरीच्या कारखान्यांस सुटी असते त्या दिवशीं, तो आपला क्रँक घेऊन एकटाच मिस्त्रींकडे गेला. त्यांनीं तो दोन व्ही-ठोकळ्यांवर आडवा ठेवून त्यावर डायल लाविला आणि त्यास हातानें फिरवावयास सांगितलें. सुई जागेवर राहावयाची ती प्रत्येक फेऱ्यांत आठ शतांश मिलिमीटर हलत होती. तीन मिलिमीटरांचा प्रश्न सुटला असता तरी तो क्रँक चालण्याजोगा नव्हता. तांब्याच्या हातोडीनें कोठें आणि किती ठोकावें, हें मिस्त्री त्यास दाखवीत आहेत. गाडी जुन्याच इंजिनावर चाकणला जाते आणि येते. सुई आतां चार शतांशांवर आली आहे.