नंगारा कोण वाजवतो?

मानोऱ्याहून पोहरादेवीला गेलो. ही बंजाऱ्यांची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथलीच. रामनवमीला तांड्यातांड्यांतून माणसे लोटतात, नंगारा घुमतो. २०२४ साली इथे नंगाऱ्याच्याच घाटाचे संग्रहालय उघडले.

मला फ्रँकी यांकोविक आठवला. पोल्का हे बोहेमियाचे लोकनृत्य. हा स्लोव्हेनियन आईबापांचा अमेरिकन मुलगा ते अकॉर्डियनवर वाजवी. महायुद्धात हातपाय गोठले, कापायची वेळ आली. गडी नाही म्हणाला आणि अकॉर्डियन वाजवून बोटांत जीव आणला! १९८६ साली पोल्काचे पहिले ग्रॅमी पारितोषिक त्यालाच मिळाले.

वाचकहो, रामनवमीला इकडे आलात तर नंगारा ऐकाच. पण वाजवणाऱ्याला त्याचे नावही विचारा, आणि लिहून ठेवा.