आमोण्याच्या नदीकाठी

गेल्या माघात आम्ही डिचोली तालुक्यातील आमोणे गावी गेलो, ते वेताळाच्या दर्शनाचे निमित्त करून. खरे कारण निराळे होते. आमच्या हाताखाली शिकलेला तेथील एक विद्यार्थी आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात डॉक्टरेट करू इच्छीत होता आणि लागोपाठ दोन वर्षे त्यास सर्वत्र नकार आला होता. वडील खनिजवाहू बार्जवर नोकरीस. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये गोव्यातील खाणी बंद पडल्या, तेव्हा त्या घराने काय सोसले ते आम्ही पाहिले आहे. अशा घरात तिसरे वर्ष मागणे सोपे नव्हे.

वेताळाची पाषाणमूर्ती भव्य आहे. हा देव रात्री फिरून गावाची राखण करतो, अशी गोमंतकात श्रद्धा. म्हणून त्यास वहाणा वाहतात. दर्शन घेऊन आम्ही दोघे मांडवीच्या काठी बसलो. पलीकडे खांडोळे, अलीकडे लोखंडाच्या कारखान्याची धुराडी.

"सर, यंदाही दिल्लीलाच अर्ज करावा म्हणतो. नाव मोठे आहे," तो म्हणाला.

नाव मोठे खरेच. १९५५ मध्ये सप्रू हाउसमध्ये सुरू झालेली ती संस्था १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. परंतु २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि साहाय्यक प्राध्यापकास चारच संशोधक घेता येतात. योग्य मार्गदर्शकाकडे जागा नसेल, तर गुणवंतही दाराबाहेर राहतो. नकार हा दर वेळी बुद्धीचा निवाडा नसतो, हे आपल्या परप्रांतस्थ घरांतील मुलांनीही ध्यानी घ्यावे.

"तुझा प्रश्न कोणता?" आम्ही विचारले. त्याने अर्जातील शीर्षक सांगितले. त्यात महासत्ता होत्या, सामरिक समतोल होता.

"हा पुस्तकातला झाला. तुझा कोणता?"

तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "इथला माल आधी जपानला गेला, मग चीनला. तिकडे भाव उतरला की आमच्या चुलीला कळते. हे कोण ठरवते, ते मला समजून घ्यायचे आहे."

भारताने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती, त्या १९५० च्या दशकातही येथील खनिज जपानला जात होते. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला; पोर्तुगालने ते मान्य केले १९७४ च्या अखेरीस. विषय दाराशी वाहत होता.

दुपारी पडवीत नवी यादी केली. दिल्ली ठेवली; कोलकात्याचे जादवपूर, कोट्टायमचे महात्मा गांधी विद्यापीठ आणि ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठ जोडले. अट एकच : आधी तेथील अध्यापकांचे लेखन वाचावे, जागा आहे का ते विचारावे, मगच अर्ज करावा. पैशाचा हिशेबही मांडला. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे; ती मिळाली तर घरावर भार नाही. ती न मिळता नुसती नेट उत्तीर्ण झाल्यास २०२४ पासून प्रवेशासाठी नेटच्या गुणांना सत्तर आणि मुलाखतीस तीस टक्के वजन. प्रबंधास तीन ते सहा वर्षे लागणार, हेही लिहून ठेवले.

वडील उंबऱ्याशी उभे होते. "मास्तर, हे शेवटचे वर्ष ना?"

होय म्हणण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. "या वर्षी तो शिकवण्या धरून अभ्यास करील," एवढेच आम्ही म्हणालो. त्यांनी यादी हाती घेतली, सावकाश वाचली आणि मुलाला म्हणाले, "गोव्याचे नाव सर्वांत खाली का घातलेस? वर घे."