बुचर हॉलरची लोरेटा

अमेरिकी कंट्री गायिका लोरेटा लिन गाऊ लागली की मी हातातलं काम ठेवून देते. केंटकीच्या डोंगराळ भागाचा हेल तिच्या गळ्यात शेवटपर्यंत तसाच राहिला. १९३२ साली बुचर हॉलरच्या दरीत, कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या बापाच्या घरी ती जन्मली. पंधराव्या वर्षी लग्न, मग देशाच्या पार दुसऱ्या टोकाला वॉशिंग्टन राज्यात संसार, आणि विशीतच चार मुलं. नवऱ्याने आणून दिलेल्या स्वस्तातल्या गिटारवर ती आपली आपणच शिकली. १९६० मध्ये पहिली तबकडी निघाली, तेव्हा दोघं मोटारीतून गावोगावची रेडिओ केंद्रं पालथी घालत हिंडली. वडील मात्र आदल्याच वर्षी गेले होते.

‘कोल मायनर्स डॉटर’ या गाण्यात ते वडील आहेत, आणि कपडे घासून बोटं रक्ताळलेली आई आहे. गरिबी सगळी आहे, गाऱ्हाणं कुठेच नाही. गाणं लांबलं म्हणून निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी तिला काही कडवी गाळायला लावली. त्या कडव्यांसाठी माझा जीव अजून हळहळतो.

घरातलं बोलणं उंबऱ्याबाहेर नेऊ नये, हा बायकांवरचा दंडक तिने मोडला. कार्यक्रमाला आलेली एक बाई रंगमंचामागे तिच्यापाशी रडली: नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी आहे. त्या भेटीतून १९६६ चं ‘यू एन्ट वुमन इनफ’ जन्मलं. ‘द पिल’चे शब्द दुसऱ्यांचे, पण गर्भनिरोधक गोळीमुळे मोकळा श्वास घेणारी बाई सहा मुलांच्या या आईच्या तोंडून बोलली, तेव्हा अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायचंच नाकारलं. गाणं १९७५ मध्ये बाजारात आलं आणि तरीही घरोघर पोचलं. स्वतःच्या नवऱ्याची दारू आणि बाहेरख्यालीपणाही तिने लपवला नाही. तरी १९९६ मध्ये तो जाईपर्यंत ती त्याच्याबरोबर राहिली. मला हे कोडं सुटत नाही, आणि तिच्या गाण्यांतला खरेपणा मला या न सुटलेल्या गाठीतूनच आलेला वाटतो.

१९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. पुढे बहात्तराव्या वर्षी, तिच्याहून कितीतरी तरुण रॉक गायक जॅक व्हाइटला साथीला घेऊन तिने ‘व्हॅन लीअर रोझ’ हा अल्बम केला. व्हॅन लीअर म्हणजे वडिलांच्या खाणीचं गाव. शीर्षकगीत आईच्या तरुणपणाचं आहे: खाणीवरचे सगळे जिच्यावर भाळलेले, तिने एका गरीब खाणकामगाराला पसंत केलं.